सिंहीण नको

भाषेच्या बाईंना सिंहाचा भारी राग. पुस्तकात कुणी शूर निघाला की सिंह हजर! "इथे गुडघाभर बर्फात सिंह पाहिलाय कुणी?" असं म्हणत त्या फळ्यावर पोरांच्या दारातले, बर्फावर गाडी ओढणारे कुत्रे आणायच्या. 'पुढची कुत्री थोरल्या जावेसारखी असते. कुरकुरतेही तीच आणि ओढतेही तीच.' त्याच वाक्यात उपमा, त्यातच कर्ता आणि क्रियापद. हेडमास्तरांनी कितीदा कानउघाडणी केली. बाईंनी या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडून दिलं.

बाईंच्या निरोप समारंभात हेडमास्तर गहिवरून म्हणाले, "बाई म्हणजे आमच्या शाळेची सिंहीण!"

बाई ताडकन उठल्या. "सिंहीण कधी कुणाचं ओझं ओढते का, सर? मी या पोरांना ओढत इथवर आणलंय. नीट म्हणा, पुढची कुत्री!"

हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. भर सभेत बाईंना कुत्री कसं म्हणायचं? पाहुणे आपापल्या बुटांकडे बघू लागले. तेवढ्यात अख्खा वर्ग उभा राहिला आणि एका सुरात ओरडला, "बाई म्हणजे आमच्या गाडीची पुढची कुत्री!"

बाईंच्या कपाळावरची आठी काही हलली नाही.

"रूपक बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "बसा खाली."