इंझोरीची रुचिका अन् अडकलेलं लायसन

खरं सांगू? रुचिका आली त्या दिवसापासूनच ती माह्या डोळ्यात खुपे.

मी उज्ज्वला. रिसोडच्या एका सोयाबीन खरेदीच्या कंपनीत चौदा वर्सांपासून कॉम्प्युटरचं सारं माह्याच हातात. काही बिघडलं का आमचे मालक उकंडरावभाऊ ओरडत, "उज्ज्वलाताईले बोलवा!" अन् आता पाहा तवा "रुचिकाले विचारा, रुचिकाले विचारा." माह्या अंगाचा नुसता तिळपापड होये.

पोरगी इंझोरीची. बाप वांगे-मेथी पिकवून बाजारात इकते. ही अमरावतीले शिकली अन् सहा महिन्याच्या बोलीवर आमच्याकडं लागली. काम पटलं तं कायम, नाई तं घरी. आवाज कधी चढवे नाई. हमालाले बी दादा म्हने. गावाहून मेथी आली का डब्यात भाजी आने अन् साऱ्याईले वाढे. मी म्हनो, "मले मेथी चालत नाई." साफ खोटं! मले मेथी लय आवडते.

पोळा झाल्यावर नवा सर्व्हर आला. सर्व्हर म्हनजे एक मोठं मशीन, अन् त्याच्या पोटात चार कॉम्प्युटर चालते. काट्याचं वजन, बिलं, गोदाम, सारं तिथंच. घर एक, बिऱ्हाडं चार. हे चालवाचं सॉफ्टवेअर लायसनवर चालते, अन् आमचं लायसन एकाच सर्व्हरपुरतं. रुचिकानं चारही कॉम्प्युटर जुन्यातून नव्यात नेले अन् म्हने, "ताई, आता जुना बंद करू."

"काई नाई बंद कराचा," मी म्हनलं. नऊ वर्सं राबला होता तो. थकल्या बैलाले कोनी दावनीवरून हाकलते का? दसऱ्याले मी त्याले हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. भाऊबी म्हने, "राहू द्या चालू, लक्ष्मी हाये ते." मंग काय, जुना काहीच काम न करता लायसन धरून बसला, अन् नवा साठ दिवसाच्या फुकट मुदतीवर चालला.

दिवाळी झाली. एका सकाळी लाईन गेली, बॅटरीबी बसली. लाईन आली तं नव्यातले चारही कॉम्प्युटर सुरूच होईना. काटा बंद. फाटकापासून थेट रस्त्यापर्यंत सोयाबीनच्या ट्रॅक्टरांची रांग. स्क्रीनवर आलं, मुदत संपली, या सर्व्हरले लायसन दिलेलं नाई.

उकंडरावभाऊ रुचिकावर खेकसले, "परवा तुह्ये सहा महिने भरते. आज दुपारपर्यंत काटा चालू नाई झाला, तं परवाची वाटबी नको पाहू."

मले एका नजरेत समजलं होतं. जुन्याले लायसनच्या यादीतून काढाचं, लायसन मोकळं कराचं अन् नव्याले द्याचं. दहा मिनिटाचं काम. सांगतलं असतं तं पोरगी वाचली असती. पन मी मिठाची गुळणी धरली. मनात म्हनलं, जा बाई इंझोरीले, बस मेथीच्या जुड्या बांधत!

रुचिका लायसनची यादी उघडे, माह्याकडं पाहे अन् बंद करे. पुन्हा उघडे, पुन्हा पाहे. मले वाटलं, पोरीचं डोकंच चालून नाई राह्यलं. भाऊ तीनदा आले, हमालाईसमोर बोल बोल बोलले. ती आपली, "करून राह्यली, भाऊ." बाहेर ट्रॅक्टरवाले हॉर्नवर हॉर्न देऊन राह्यले होते. अन् मले, देवा शप्पथ, गार गार वाटून राह्यलं होतं.

एक वाजाले आला तवा ती माह्या खुर्चीजवळ येऊन उभी राह्यली. "ताई, जुना सर्व्हर तुमच्या हातानं बंद करता का?"

"काहून?"

"लायसन त्याच्याजवळ हाये."

"तुले कवा समजलं?"

"सकाळीच."

"मंग इतके बोलने कायले खाल्ले वो?"

"तुमी त्याची पूजा केली होती. माह्या हातानं कसा काढू? अन् मले वाटलं, तुमीच सांगसान."

म्हनजे मले ठाऊक हाये, हे पोरीले ठाऊक होतं. चार घंटे ती माह्या तोंडाकडं पाहत होती. मले मेल्याहून मेल्यावानी झालं. मी गुपचूप उठली, जुन्याले यादीतून काढलं, बटन दाबलं. तिनं लायसन नव्याले दिलं. चारही कॉम्प्युटर उठले. काटा चालू झाला.

भाऊ धावत आले. "कोनं केलं?"

"ताईनं," रुचिका म्हने.

भाऊ तिच्याकडं पाहून म्हने, "मंग तुले ठेवून काय फायदा? हिसाब घेऊन जा."

पोरगी आपली पर्स उचलाले लागली. अवो, इतकं चांगलं कायले व्हावं मानसानं! रागानं माह्या डोळ्यातून पानी आलं.

"खोटं बोलून राह्यली ती," मी ओरडली. "सकाळीच सापडलं होतं तिले. मले बी माईत होतं. मी मुद्दाम बोलली नाई. तिले हाकलावं म्हनून."

भाऊ रुचिकाले म्हने, "पर्स ठेव जागेवर." अन् माह्याकडं न पाहता काट्याकडं निघून गेले.

आज रुचिका कायम हाये, अन् सर्व्हरची खोली तिच्या ताब्यात. मी तिच्या हाताखाली. तिचं नाव कोनी काढलं का अजूनबी माह्या पोटात आग पडते, खोटं कायले बोलू? कामात मांगं पडली असती तं मी सोसलं असतं. पोरगी भलेपनातबी माह्या पुढं निघाली, ते मले सोसत नाई.