इंजिन आधी की गयाबाई?

आमच्या हिंगोलीच्या कापसाच्या जीनमागं सरकीचा ढीग साठतो, तसे किस्सेही साठतात. रोज थोडे उचलावेत, तरी ढीग तेवढाच! मी इथला हजेरी कारकून. शाळा चौथीपर्यंत. जे कळत नाही ते वहीत लिहितो. वह्या फार झाल्या आहेत.

*

वाफेच्या इंजिनावर दोन लोखंडी गोळे गरगर फिरतात. लतीफमिस्त्रींना विचारलं, "यांचं काम काय?"

"इंजिन पळाया लागलं की हे वर चढतात, वाफ कमी करतात. इंजिन थकलं की खाली येतात, वाफ वाढवतात."

"म्हणजे इंजिनाला हाकतात गोळे?"

"व्हय."

"आणि गोळ्यांना फिरवतं कोण?"

"इंजिन!"

वहीत लिहिलं : मालक कोण, ते उद्या विचारणे.

*

दुसऱ्या दिवशी विचारलं.

"मुनशीजी," मिस्त्री म्हणाले, "तुमच्या घरी कोण कुणाला हाकतं?"

मी वही मिटली!

*

भट्टीवर साखरा गावचा सखाराम. एकदा तो वैतागून बसला. "लाकडं टाकली की बॉयलरातलं पाणी घटतं. पाणी वतलं की वाफ घटते. वाफ घटली की तुमी म्हन्ता लाकडं टाक! हे कुठवर?"

मिस्त्री म्हणाले, "सुट्टी होईस्तोवर."

*

मग गोळ्यांची खीळ तुटली. गोळे दुरुस्तीला गेले. मिस्त्री हातानंच वाफेची चावी फिरवू लागले. इंजिनावरून कापसाच्या यंत्राला जाणारा पट्टा दोनदा उडाला. शेठजी म्हणाले, "तिसऱ्यांदा उडाला तर बिस्तरा बांधा!"

मिस्त्रींची उमर इथं गेलेली. इंजिनाच्या आवाजानं कानही अर्धे गेलेले; बोलणं ऐकू येई, इंजिनाची चाल कळत नसे. ही गोष्ट मला ठाऊक होती, पण वहीत नव्हती.

त्यांनी तोड काढली. समोरच्या यंत्रावर गयाबाई कापूस टाकायची. तिचा हात भरभर चालला की यंत्रावर भार येणार, म्हणून ते वाफ वाढवत. हात संथ झाला की कमी करत. आणि गयाबाई? ती पट्ट्याच्या टपटपीवर हात चालवायची!

चार दिवस सगळं बराबर चाललं.

पाचव्या दिवशी शेठजी तपासणीला आले. दारात उभे राहिले. बघता बघता हात पळाला, इंजिन पळालं, हात आणखी पळाला, आणि पट्टा उडून थेट शेठजींच्या पायाशी पडला!

"मिस्त्री! वाफ का वाढवली?"

"बाईचा हात वाढला, मालक."

"गयाबाई, हात का वाढवला?"

"पट्टा पळून राहिला होता. म्या काय मागं राहू?"

शेठजी माझ्याकडे वळले. "तुम्ही सगळं लिहिता ना? वाचा."

मी वाचलं. "इंजिन पळालं म्हणून गयाबाई पळाली. गयाबाई पळाली म्हणून इंजिन पळालं." खाली माझंच एक प्रश्नचिन्ह होतं.

"अहो, पण पहिल्यांदा पळालं कोण?"

मिस्त्रींनी खुंटीवरचा रुमाल काढून खांद्यावर टाकला होता.

गयाबाईनं पदर सावरला. "मालक, रागावू नगा. तुमी दारात दिसलात, तवा म्या जरा भरभर हात चालवला."

शेठजींनी पायाशी पडलेला पट्टा उचलला. मग म्हणाले, "मिस्त्री, रुमाल खुंटीला लावा. पट्टा चढवा."

दुसऱ्या दिवशी शेठजी मागच्या दारानं आले. चपला हातात होत्या.