हिरव्या तारेचा तुकडा

वायरमनला सगळी वस्ती 'तिसरी तार' म्हणायची. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्याला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. "दोन तारांवर सगळं चालतंय की, तिसरी कशाला?" असं कुणी म्हटलं, की स्वारी पिशवी उचलून सरळ चालू लागायची. मग घरमालकाला जिन्यापर्यंत मागे यावं लागे आणि उभ्याउभ्या पूर्ण प्रवचन ऐकावं लागे. ही हिरवी तार दिवा लावत नाही, पंखा फिरवत नाही, जन्मभर भिंतीत गप्प बसून असते. पण एखाद्या दिवशी यंत्राच्या आतलं काही सुटून त्याच्या पत्र्याला टेकलंच, तर तुमच्या अंगातून जाणारा करंट ती आपल्या अंगावर घेते आणि जमिनीत नेऊन सोडते. प्रवचन संपलं की मगच काम सुरू होई.

त्याच्या बायकोला हे सगळं पाठ होतं. तिचं लग्नच मुळी या तारेमुळे जमलं होतं. तिच्या माहेरचा फ्रीज चावायचा. हात लावला की कोपरापर्यंत झिणझिण्या. म्हणून तिच्या आईने फ्रीजसमोर रबरी चपलांचा एक जोड कायमचा ठेवला होता. गार पाणी हवं असेल त्याने आधी चपला घालायच्या. यात काही वावगं आहे असं घरात कुणालाच वाटत नव्हतं. वायरमन तिला पाहायला म्हणून पहिल्यांदा जेवायला आला, त्याने तो चपलांचा सोहळा पाहिला आणि भरल्या ताटावरून उठून फ्रीज ओढून सॉकेट उघडलं. आत हिरव्या तारेची जागा रिकामी. वडिलांच्या कपाळावर आठी चढली, आईचा मात्र तिथल्या तिथे जावई पक्का झाला. धाकटी बहीण तेव्हा शाळेत होती. पुढे कितीतरी दिवस ती उगाचच अनवाणी पायांनी फ्रीज उघडझाप करत बसायची.

कामात त्याच्या काही खोडी होत्या. सॉकेटमध्ये तारा जोडताना लाल आणि काळी तो आखूड कापायचा आणि हिरवी जरा लांब ठेवायचा. कुणी वायर हिसडली तर बाकीच्या आधी सुटाव्यात, हिरवी सगळ्यात शेवटी. कापलेले तुकडे जमिनीवर टाकायचा नाही, कुणाच्या पायात जातील म्हणून खिशात कोंबायचा. आणि जोडणी झाली की त्या यंत्राला पहिला हात स्वतः लावायचा. ज्याने तारा जोडल्या त्याचा पहिला हात, हा त्याचा कायदा.

खिशातले तुकडे धुण्याआधी बायको काढून घ्यायची. लाल-काळे तुकडे बोटभर लांब, पिशव्यांची तोंडं बांधायला अगदी छान. हिरवे मात्र नखाएवढे. एवढ्याशाचं काय करायचं, म्हणून ती नेहमी कुरकुरायची. तो म्हणायचा, हिरव्यात काटकसर होणार नाही.

अलीकडे मात्र त्याचं काहीतरी बिनसलं होतं. बाजारातून कच्चे टोमॅटो आणायचा आणि विक्रेत्याला नावं ठेवायचा. एका पायात तपकिरी आणि एका पायात हिरवा मोजा घालून कामाला जायचा. डोळे दाखवून या म्हटलं, की त्याला नेमकं काहीतरी महत्त्वाचं काम आठवायचं. तिने दोनदा आठवण करून दिली, तिसऱ्यांदा भांडली आणि मग मूग गिळून बसली.

त्या दिवशी धाकट्या बहिणीकडे कपडे धुण्याचं मशीन आलं. न्हाणीघराच्या कोपऱ्यात भिंतीतल्या डब्यात तिन्ही तारा बिल्डरने नुसत्याच सोडून ठेवलेल्या होत्या, तिथे सॉकेट बसवायचं होतं. मेहुणीचं काम म्हणून वायरमन सकाळीच गेला. नेमकी लाईट गेली. अर्ध्या अंधारात त्याने सॉकेट बसवलं, लाईटची वाट पाहून कंटाळला आणि जेवायला घरी आला. जेवता जेवता दोनदा म्हणाला, की तपासायचं राहिलं, लाईट आली की जाऊन येतो. जेवण झाल्यावर आडवा झाला आणि घोरायला लागला.

बायकोने त्याची पँट धुवायला घेतली आणि खिसा रिकामा केला. हातात एक छान लांब हिरवा तुकडा आला. पहिल्यांदा तिला आनंदच झाला, चला, शेवटी हिरव्यातही काटकसर झाली म्हणायची. मग तिने बाकीचे पाहिले. काळा बोटभर होता. लाल मात्र नखाएवढा.

म्हणजे त्याने लाल तार लांब ठेवली होती. म्हणजे करंट आणणारी लाल तार आता हिरवीच्या जागी होती आणि प्लग खुपसल्याबरोबर मशीनच्या पत्र्यात करंट येणार होता. बटण बंद असो नाहीतर चालू.

तेवढ्यात डोक्यावरचा पंखा फिरायला लागला. लाईट आली होती.

तिने बहिणीला फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. मग तिने नवऱ्याला गदागदा हलवलं, तुकडे त्याच्या हातात कोंबले, "लाल लांब ठेवलीत तुम्ही," एवढंच म्हणाली आणि घरातल्याच चपलांवर धावत सुटली. रस्त्यात कुणी काही विचारलं असेल तर तिला ऐकू आलं नाही.

बहिणीचं दार उघडंच होतं. बहीण न्हाणीघरात ओल्या पायांनी उभी, प्लगवरची पारदर्शक पिशवी दातांनी सोडवत होती. "ताई, बघ ना, भाऊजींनी किती—" एवढं म्हणेपर्यंत ताईने तिच्या हातातून प्लग हिसकावून घेतला होता. मग बाहेर जाऊन मेन स्विच बंद केला आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. बहिणीला जवळ ओढून तिने घट्ट धरून ठेवलं, जरा वेळाने सोडलं आणि फोन का उचलत नाहीस म्हणून तिच्यावरच डाफरली.

वायरमन धापा टाकत आला. सरळ न्हाणीघरात गेला, सॉकेटचे स्क्रू काढले आणि तारा बाहेर ओढून डोळ्यांजवळ नेल्या. मग एकेक करून पुन्हा निरखल्या.

"काळी कळते," शेवटी तो म्हणाला. "बाकीच्या दोन्ही मातकट दिसतात. उन्हात नेल्या तर जरा फरक कळतो. म्हटलं, तेवढ्यावर निभेल."

बहीण म्हणाली, जाऊ द्या भाऊजी, झालं तर काही नाही ना. त्याने ते ऐकलंच नाही. पेचकस पिशवीत टाकला, पक्कड टाकली. तपासल्याशिवाय आपण काम सोडून आलो, आणि तेही कुणाच्या घरातलं, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. "दुसऱ्या कुणाला तरी बोलवा," तो म्हणाला. "मी आता हे बंद करतो."

बायकोला त्याचा भयंकर राग आला होता, डोळ्यांचं लपवलं म्हणून. आणि तेवढीच माया दाटून आली होती. तिने पिशवीतला पेचकस काढून पुन्हा त्याच्या हातात दिला.

"उद्या डोळे दाखवायचे. मोतीबिंदू असेल तर काढून टाकायचा. आणि आज मला दिसतंय ना? मी सांगते, तुम्ही जोडा."

त्याने तारा तिच्यापुढे धरल्या. तिने एकेक तार बोटात धरून तिचा रंग सांगितला आणि त्याने ती जिथल्या तिथे बसवली. हिरवी सकाळीच आखूड झाली होती, म्हणून त्याने लाल आणि काळी तिच्याहून आखूड कापल्या. प्रत्येक स्क्रू आवळण्याआधी "कुठली?" असं विचारलं आणि प्रत्येक वेळी तिने न कंटाळता पुन्हा सांगितलं. तिला वाटलं, इतक्या वर्षांत हा माणूस आपल्याला इतक्या वेळा काही विचारत कधी बसला नव्हता.

मेन स्विच चालू केला. त्याने दोन तारा लावलेला तपासणीचा बल्ब लाल आणि हिरवीच्या खाचांत धरला, तो लख्ख पेटला. काळी आणि हिरवीत धरला, पेटला नाही, म्हणजे हिरवीच्या जागी करंट नव्हता. मग प्लग लावला. मशीनवरचा हिरवा दिवा लागला, असं बहिणीने सांगितलं.

सवयीने त्याने मशीनकडे हात नेला. पण त्याच्या आधीच बायकोचा तळहात पत्र्यावर टेकला होता.

"अगं, पहिला हात माझा असतो," तो दचकून म्हणाला. "माहीत आहे ना तुला?"

"ज्याने तारा जोडल्या त्याचा," ती म्हणाली. "आज रंग मी सांगितलेत."

तिने हात काढला नाही. त्याने आपला हात तिच्या हातावर ठेवला, आणि बहिणीने बटण दाबून मशीनमध्ये पाणी भरायला लागल्याचा आवाज येईपर्यंत दोघं तशीच उभी राहिली.