बाथरूममधला रेडिओ

डेलमर प्रुइटने चाळीस वर्षं विजेच्या खांबांवर काढली. निवृत्त झाल्यावर तरी माणसाने स्वस्थ बसावं की नाही? पण आमच्या खोऱ्यात कुणाच्याही घरी गेला की, टेकायच्या आधी हा विचारणार, "रेडिओ कुठे ठेवलाय?" गाण्यांचा नव्हे, हवामानाचा. तो एरवी गप्प असतो आणि टोर्नेडोचा इशारा आला की आपणहून किंचाळून उठतो. कुणी तो फ्रिजवर ठेवलेला असतो, कुणी टीव्हीला चिकटवून. डेलमर तो उचलून खिडकीत नेणार, अँटेना पूर्ण ताणून उभा करणार आणि वर आपल्यालाच चार शब्द सुनावणार. माझ्या खिडकीतली जिरेनियमची कुंडी त्याने अशीच न विचारता खाली ठेवली होती. आठवडाभर मी त्याच्याशी धड बोलले नाही.

अख्ख्या खोऱ्यात त्याला दाद दिली नाही ती एकट्या व्हर्जिलने, त्याच्या धाकट्या भावाने. व्हर्जिल डोंगराच्या पायथ्याशी ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या पत्र्याच्या घरात राहतो, तो आणि त्याचा कुत्रा. टोर्नेडोत असं घर टिकत नाही, हे अलाबामातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. तिथून आमच्या चर्चच्या तळघरात पोचायला गाडीने अकरा मिनिटं लागतात. तळघराची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून कुणाला किती मिनिटं लागतात ते मला पाठ आहे. इशारा वेळेवर ऐकू आला तर व्हर्जिल वाचेल, नाही आला तर नाही, इतका साधा मामला होता.

आणि या शहाण्याने रेडिओ ठेवला होता बाथरूममध्ये! आमच्याकडे शाळेपासून शिकवतात, वादळ आलं की घराच्या पोटात शिरायचं, खिडक्यांपासून लांब, जमलं तर बाथटबात आडवं व्हायचं. व्हर्जिलने रेडिओलाही तोच नियम लावला.

"मी जिथे लपणार तिथेच तो हवा ना?" तो म्हणाला.

"गाढवा, लपायचंय तुला, त्याला नाही!" डेलमर ओरडला. "चहूबाजूंनी पत्रा, त्यात तू त्याला टबाशेजारी कोंडलास. त्याला ऐकू काय येणार, तुझी आंघोळ?"

"निदान माझं गाणं तरी कुणीतरी ऐकतं."

दर बुधवारी दुपारी बाराला हवामान खातं इशाऱ्याची चाचणी घेतं. आपला रेडिओ जागा आहे की मेलाय, हे कळायची आठवड्यातली तेवढीच खात्रीची वेळ. मग डेलमर दर बुधवारी हत्यारांची पेटी घेऊन निघायला लागला आणि मी मक्याचा ब्रेड घेऊन त्याच्या मागे. दोघा भावांना एकटं सोडायची माझी छाती नव्हती.

पहिल्या बुधवारी रेडिओ स्वयंपाकघरात आला. बारा वाजले, नुसती खरखर. शेजारी फोनचा चार्जर होता, तो डेलमरने उपटला, तरी खरखरच. दुसऱ्या बुधवारी हवामान खात्याच्या प्रक्षेपण मनोऱ्याच्या दिशेची नैऋत्येची खिडकी गाठली, तेव्हा अर्धे शब्द कळले. मध्ये डोंगर होता. तिसऱ्या बुधवारी डेलमरने आवारात लाकडी खांब पुरला, वर अँटेना बसवला आणि वायर खिडकीखालच्या भोकातून आत घेतली. बाराच्या ठोक्याला रेडिओ असा किंचाळला की कुत्रा पलंगाखाली गेला. पाठोपाठ निवेदकाचा शब्द न् शब्द स्वच्छ. डेलमर पायरीवर बसून डोळे पुसत होता. "घाम," म्हणाला. फेब्रुवारीत कसला घाम?

परतताना गाडीत त्याने मला सांगितलं. चौदा वर्षांपूर्वी त्यांच्या आईचा रेडिओ लांबच्या तालुक्यांतल्या वादळांसाठीही ओरडायचा. म्हातारी वैतागली. डेलमरने प्लग काढला, बॅटऱ्याही काढल्या, आणि "सवडीने नीट लावून देतो" म्हणाला. नऊ दिवसांनी टोर्नेडोत घर तिच्या अंगावर पडलं.

"व्हर्जिलला माहीत नाही," तो म्हणाला.

"मग सांग त्याला."

त्याने विषय बदलून माझ्या मक्याच्या ब्रेडचं कौतुक काढलं. मला त्याची दया आली आणि रागही आला.

एप्रिलमध्ये एका गुरुवारी दुपारी साडेतीनला सगळ्या खोऱ्यातले रेडिओ एकदम ओरडले. मी तळघर उघडलं. डेलमर दारात घड्याळ बघत उभा. लोक येत होते, तो एकाच गाडीची वाट बघत होता. बाराव्या मिनिटाला ती आली. कुत्रा व्हर्जिलच्या मांडीवर होता.

दीड तास आम्ही खाली बसलो. टोर्नेडो उत्तरेच्या कुरणांवरून निघून गेला, कुणाचं कौलही हललं नाही. लोक हसत, जांभया देत वर जायला लागले. डेलमरचा चेहरा मात्र पडला होता. फुकट धावपळ झाली की माणूस काय करतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"व्हर्जिल," तो म्हणाला, "आज काही झालं नाही म्हणून तो बंद करू नकोस. आईचा मी बंद केला होता. प्लग, बॅटऱ्या, सगळं मीच काढलं होतं."

व्हर्जिल कुत्र्याचे कान खाजवत राहिला. "ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? ढिगाऱ्यातून रेडिओ मीच काढला ना. वायर नीट गुंडाळून वर गाठ मारलेली. खांबावर चढणाऱ्यांची गाठ, तुझी."

"चौदा वर्षं बोलला नाहीस?"

"बोलून काय करणार होतो? भाऊ एकच उरला होता."

डेलमर तिथेच बाकावर बसून हमसून हमसून रडला. मी दुसरीकडे बघत किल्ल्या चाचपत राहिले, कारण मलाही आवरत नव्हतं.

व्हर्जिलने कुत्रा काखेत मारला आणि मोकळ्या हाताने भावाला दंडाला धरून उठवलं. "चल, ऊठ. खांब वाऱ्याने कलला असेल तर उजेडातच सरळ करू."