दुधाबरोबरची गोळी

लिंबायतमध्ये पाय दुखतो म्हणून सांगायची सोय नाही. इथे निम्मी गल्ली दिवसभर कापडाच्या लूमसमोर उभी असते. पाय कुणाचा दुखत नाही? असं म्हणून लोक तुम्हाला गप्प करतात. मीही उमेदीची सगळी वर्षं लूमच्या खात्यात उभा राहिलो, त्यामुळे पार्किन्सन झाल्यावरही माझा पाय सगळ्यांना लूमनेच दुखावलेला वाटे. कुणी तेल सांगे, कुणी पट्टा. शेजारी तर गप्पा मारता मारता माझी पोटरी दाबून बघायचा, बाजारात दुधी बघावा तशी. एकदा मी त्याचा हात झिडकारला. बरं वाटलं.

दुखणं होतं ते असं. सकाळी डाव्या पायाचा अंगठा ताठ वर, बाकीची बोटं आत वळलेली, पोटरीत गोळा. पाऊल जमिनीला टेकत नसे. मला कुणाकडून दुसरं काही नको होतं, फक्त मोरीपर्यंत एकट्याने जायचं होतं. बायको काखेत हात घालून न्यायची आणि दाराबाहेर उभी राहायची. ती तिथे उभी आहे या विचारानेच माझा संताप व्हायचा.

सकाळची पहिली गोळी ती दुधाबरोबर द्यायची. गरम औषध उपाशीपोटी घ्यायचं नाही, हा तिच्या माहेरचा कायदा. पेलाभर म्हशीचं दूध, वर साय. गोळी घेऊनही पाय लवकर सुटत नसे.

एकदा पाहुण्यांसमोर ती म्हणाली, यांचं दुखणं थोडं आणि कुरकुरच फार. माझं डोकं सणकलं. दुसऱ्या दिवशी दुधाचा पेला सरकवून दिला, गोळी पाण्याबरोबर गिळली आणि उपाशीच पडून राहिलो. थोड्या वेळाने बोटं सरळ झाली. पुढच्या सकाळी पुन्हा दूध घेतलं, तर पाय पुन्हा आखडलेला.

आम्ही दोघं दवाखान्यात गेलो. डॉक्टर मान वर न करता गुजरातीत म्हणाले, दुधाने या गोळीचा असर कमी होतो, खाण्याच्या अर्धा तास आधी पाण्याबरोबर घ्यायची, पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. सांगितलं असेल. आजाराचं नाव ऐकल्यावर पुढचं आमच्या कानात शिरलंच नव्हतं.

परतताना रिक्षात, घराजवळचं गोडादरा आल्यावर ती म्हणाली, "मंग इतला दिन तुमना पाय मन्हामुये दुखे का?"

तिच्यामुळे नाही, असं म्हणायला माझं काय जात होतं? पण पाहुण्यांसमोरचं ते 'कुरकुर' माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं.

दुसऱ्या सकाळी पाण्याबरोबर गोळी घेतली, थांबलो आणि भिंत धरत एकटा मोरीपर्यंत जाऊन आलो. परतलो तेव्हा ती जागी होती, पण तोंड फिरवून पडलेली. मी एकटा चालत गेलो, ते तिने पाहिलं नाही.