कॅमेरा चालू असताना

माझी आई गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. नागपूरला आमच्या दारात पोस्टमन आला, की त्याची दहा मिनिटं मोडलीच म्हणून समजा. मुलीची दहावी, आईचे गुडघे, सायकलचा ब्रेक, सगळ्याची चौकशी झाल्याशिवाय ती त्याला फाटकाबाहेर सोडायची नाही. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात ती आमच्याकडे न्यू जर्सीत, वेस्ट विंडसरला राहायला आली, तेव्हा विमानात शेजारी बसलेल्या बाईची सगळी कुळकथा तिला पाठ होती. शेजारीण कोरियन होती. दोघींना एकमेकींच्या भाषेतला एक शब्द येत नव्हता.

"काहून, बोलाले भाषा कशाला लागते?" आई म्हणाली.

हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या उन्हाळ्याच्या माझ्याकडे सहा कॅसेट आहेत, आणि त्या पाहणाऱ्याला वाटेल की ही बाई मुकी होती. तिला मुकं मी केलं.

त्या वर्षी नवऱ्याने हँडीकॅम घेतला होता. तेव्हा आमच्या ओळखीतल्या सगळ्यांचीच एक रीत होती. भारतातून आईवडील आले की त्यांना हिंडवायचं, हिंडवलेलं शूट करायचं आणि त्याची सीडी करून जे येऊ शकले नाहीत त्यांना पाठवायची. माझ्या सासूबाई पुण्यात असतात. त्यांच्या गुडघ्यांना इतका लांबचा प्रवास झेपत नव्हता, म्हणून त्यांची अमेरिका सीडीवर. जूनमध्ये आम्ही आईला नायगारा दाखवला आणि मी ती सीडी हौसेने पुण्याला धाडली. रविवारी पंधरा-वीस माणसं जमवून त्यांनी ती पाहिली. संध्याकाळी फोन आला.

"विहीणबाईंची कॉमेंटरी फार गोड हो!" सासूबाई हसत हसत म्हणाल्या. "'पाणी पडून राहिलं, लोकं भिजून राहिले.' मुलं सकाळपासून तसंच बोलतायत. इतकी करमणूक झाली म्हणून सांगू!"

सासूबाईंच्या मनात काही नव्हतं, हे मला आज कळतं. त्या दिवशी मात्र माझी कानशिलं तापली. लग्न होऊन पुण्याला गेले त्या पहिल्याच आठवड्यात मी जेवणाच्या टेबलावर "मी येऊन राहिली" म्हणाले होते आणि सगळे हसले होते. मीही हसले होते. त्यानंतर वर्षभरात मी माझी बोली अशी घासूनपुसून काढली, की नवीन माणसाला मी सदाशिव पेठेतलीच वाटावी. या कामगिरीचा मला बरेच दिवस अभिमान होता. आता आईने एका सीडीत माझी सगळी कल्हई उतरवली होती.

मी काय केलं? नायगाऱ्याची मूळ कॅसेट पुसायला काढली. सीडी झालीच आहे, नवी कॅसेट कशाला वाया घालवायची, असं नवऱ्याला सांगितलं. खरं कारण सांगितलं नाही. तो म्हणाला असता, "यार, तू पण ना!" आणि मग कदाचित मी थांबले असते.

जुलैमध्ये आम्ही आठवड्याची सुट्टी काढून न्यू इंग्लंडच्या किनाऱ्याने निघालो. जुनी बंदरं, जहाजं, कप्तानांची घरं आणि शेवटी दीपगृह असा बेत. नवरा, मी, आमची सहा वर्षांची मुलगी आणि आई. डिकीत तिखटमिठाच्या पुऱ्यांचे दोन डबे आणि मोटेलमध्ये भात लावायला राइस कुकर. आईने नागपूरबाहेर फारसं काही पाहिलेलं नव्हतं. समुद्र तर तिने एकदाच, मुंबईला एका लग्नाच्या निमित्ताने पाहिला होता. गाडी किनाऱ्याला लागली तशी ती काचेला नाक लावून बसली.

पहिल्या मुक्कामी पार्किंगमध्ये मी कॅमेरा बाहेर काढला आणि तिला बाजूला घेतलं.

"आई, कॅमेरा चालू असताना बोलायचं नाही हं. आवाजाने व्हिडिओ खराब होतो."

"खराब म्हंजे?"

"चित्र हलतं."

सपशेल खोटं. पण मी अमेरिकेत कंप्यूटरचं काम करणारी मुलगी, मी सांगितलं म्हणजे तसंच असणार.

"मशीनचं तसंच असते बाप्पा," ती म्हणाली, आणि त्यानंतर तिने जी शिस्त पाळली तिला तोड नाही. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला, की वाक्य जिथे असेल तिथे थांबायचं. पदर तोंडावर यायचा. दिवा विझेपर्यंत ती शाळेतल्या मुलीसारखी उभी राहायची. एवढंच नाही, नातीलाही ओठावर बोट ठेवून गप्प करायची. एकदा शेजारी उभ्या असलेल्या एका गोऱ्या आजोबांनी काहीतरी विचारलं, तर तिने त्यांनाही खुणेने गप्प केलं. बिचारे गप्प झाले! आम्ही तेव्हा गाडीत बसून खूप हसलो होतो.

न्यू बेडफर्डला व्हेल मारणाऱ्या जहाजांच्या एका कप्तानाचं घर पाहिलं. जुन्या पद्धतीचा झगा घातलेल्या बाईंनी आम्हाला घर हिंडवलं. छपरावर चारी बाजूंनी कठडा लावलेली छोटीशी गच्ची होती. त्या म्हणाल्या, माणसं तीन-तीन वर्षं समुद्रावर असायची, बायका इथे उभ्या राहून वाट पाहायच्या. बरेच जण परत यायचे नाहीत, म्हणून लोक हिला विधवांची गच्ची म्हणतात. खरं-खोटं देव जाणे. मी शूटिंग करत होते. लाल दिवा विझल्या-विझल्या आईने विचारलं, "काय सांगून राहिली होती ती?"

"नंतर सांगते," मी म्हणाले.

बाबांना जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. तिला उगाच वाईट वाटेल म्हणून मी सांगितलं नाही, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला समजावत होते. ते खोटं आहे. प्लिमथला चारच्या आत पोचायचं होतं आणि आम्ही वीस मिनिटं मागे होतो, एवढंच.

प्लिमथचा खडक पाहून तर आईला धक्काच बसला. इंग्लंडहून आलेल्या लोकांनी अमेरिकेत पहिलं पाऊल जिथे ठेवलं म्हणतात तो हा एवढासा दगड. खांबांचा मंडप बांधून आत खड्ड्यात ठेवला आहे आणि माणसं वरून वाकून बघतात. मी कॅमेरा लावला. आईने खाली पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या भुवया वर गेल्या, गाल फुगले, आत कसलीतरी उकळी फुटत होती. पण दिवा लाल होता. तिने ते सगळं पदराआड गिळलं आणि मी निवांतपणे प्लिमथचा इतिहास सांगत राहिले.

"मग गाडीत बोलू दे की तिला," असं कोणी म्हणेल. गाडीत ती बोलायला लागायचीच, दिवसभराचं साठलेलं. पण नवऱ्याने इंटरनेटवरून रस्त्याची पानं छापून आणलेली, ती वाचून दाखवायचं काम माझं. "आई, एक मिनिट हं, एक्झिट चुकेल." एक्झिट आल्यावर दुसरी एक्झिट. थोड्या वेळाने ती खिडकीकडे वळायची.

ग्लॉस्टरला समुद्रात बुडालेल्या कोळ्यांची नावं कोरलेली आहेत. आईने एका ओळीवर बोट ठेवून मला खूण केली, वाचून दाखव. मी मानेनेच नाही म्हटलं, कारण माझी फ्रेम छान जमली होती. मग तिने हात जोडले. तिचे ओठ बराच वेळ हलत होते, आवाज मात्र तिने येऊ दिला नाही.

नोव्हेंबरात ती परत गेली. त्यानंतर दीड वर्षाने तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू हळूहळू पुष्कळ सुधारली. वाचा गेली ती गेलीच.

रविवारी भाऊ तिच्या कानाला फोन लावायचा. आता बोलायचं मी आणि ऐकायचं तिने. काय बोलावं ते मला सुचायचं नाही. इकडे थंडी आहे, ऑफिसला सुट्टी आहे, मुलगी पोहायला शिकते आहे. पाच मिनिटांत माझे विषय संपायचे. माझ्या जागी ती असती तर एका पोस्टमनवर अर्धा तास बोलली असती. पलीकडून नुसता तिचा श्वास ऐकू यायचा, आणि मी हवामानावर यायचे. मी दोनदा जाऊनही आले. तिने हात धरला, हसली, रडली. दोन हजार सातच्या शेवटी ती गेली.

पुढच्या वर्षी एका दुपारी मुलीने विचारलं, "आई, आजीचा आवाज कसा होता? आय रिअली डोन्ट रिमेंबर." मी म्हटलं, थांब, आपल्याकडे चिकार आहे. अगदी ऐटीत कपाटातून बुटांचं खोकं काढलं.

कॅसेटमागून कॅसेट लावली. सगळीकडे मीच. "तर आता आपण आलो आहोत प्लिमथला." किती तो पुणेरी साज! वारा, गाड्या, समुद्रपक्षी, नवऱ्याचं खोकणं, सगळे आवाज आहेत. आई प्रत्येक ठिकाणी आहे, पदर तोंडावर घेऊन. नायगाऱ्याच्या कॅसेटवर जुना एखादा तुकडा शिल्लक असेल म्हणून ती शेवटपर्यंत पळवून पाहिली. काही नव्हतं. मी कुठलंही काम अर्धवट सोडत नाही.

पुण्याला फोन केला. सासूबाईंनी ती सीडी दोन दिवस शोधली. "सापडली गं, पण लागतच नाही. मुलांनी पाहून पाहून तिच्यावर चरे पाडलेत." मग म्हणाल्या, "किती जीव लावून बोलायच्या! आम्ही सगळे वाट बघत होतो पुढच्या सीडीची. त्यात त्या बोलल्याच नाहीत, तेव्हा मी म्हटलंसुद्धा, बरं नाही की काय त्यांना?"

मी फोन ठेवला आणि तोंडात पदर कोंबायला अंगावर साडीही नव्हती, म्हणून नुसतीच रडले.

शेवटची एक कॅसेट राहिली होती, ती मी मुलीबरोबर पाहिली. शेवटचा दिवस, दीपगृहाखालचे खडक. आई वाकून लाटेत बोट बुडवते आणि ते जिभेला लावते. चेहरा वाकडा करते, मग खुदकन हसायला येतं तिला, आणि ती एकदम माझ्याकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघते. मी दीपगृहाकडे कॅमेरा वळवते. आई चित्रातून जाते. थोडा वेळ नुसता वारा. मग अगदी जवळून, दबक्या आवाजात, परवानगी मागावी तसं:

"आता बोलू का?"

आणि माझा आवाज: "थांब गं, चालू आहे."

पुढे कॅसेट कोरी आहे.

मुलीने ते तीनदा मागे नेऊन ऐकलं. "अँड देन? काय सांगायचं होतं आजीला?"

मी आठवून पाहिलं. खूप आठवून पाहिलं. पार्किंगच्या मीटरची वेळ संपत आली होती, ते आठवलं. कॅमेरा पिशवीत टाकून "चला, चला" म्हणत मी सगळ्यांच्या पुढे चालत सुटले होते, तेही आठवलं. मागून आई येत होती. लाल दिवा विझलेला होता आणि तिच्याकडे बघायला मी वळले नव्हते.

"माहीत नाही," मी मुलीला म्हणाले. "मी विचारलंच नाही."

मुलगी उठून गेल्यावर मी ती जागा पुन्हा लावली. "आता बोलू का?" आईने विचारलं, आणि माझा आवाज यायच्या आत मी टीव्ही बंद केला.

"बोल ना माय," मी म्हणाले. "काय सांगून राहिली होती तू?"