चिंचेची टोपली

वऱ्हाड नुकतंच महाराष्ट्रात आलं होतं, तेव्हाची गोष्ट. राळेगावच्या बाजारात आमचा लाडका बँड वाजणार होता. सायकल हाणत जाऊन मी पुढची जागा धरली, तर शेजारचा माणूस चिंचेची भरली टोपली मांडीवर घेऊन बसलेला. समोर कुणी चिंच चोखली की क्लॅरिओनेटवाल्याच्या तोंडाला पाणी सुटतं आणि सूर तुटतो.

वाजवणं सुरू झालं, तसा त्याने टोपलीवर दुपट्टा पांघरला आणि वरून दोन्ही हात घट्ट दाबले. माझी नजर त्या हातांवरून हलेना.

"एवढी चिंच कायले आणली?" मी न राहवून विचारलं.

"बाजारातली सारीच घेऊन टाकली," तो खालमानेनं पुटपुटला. "मागच्या साली इथं बसून चोखणारा मीच होतो."